राजा नसलेल्या देशातले किल्ले

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकातून उत्तरेकडे निघालेली गाडी हडसन नदीचा काठ धरून जाते. साधारण ऐंशी किलोमीटरवर, बीकन गाव यायच्या थोडं आधी, नदीत एक लहानसं बेट लागतं आणि त्यावर एका पडक्या किल्ल्याच्या भिंती दिसतात. कोपऱ्यांना बुरूज आहेत, तटावर चर्या आहेत. पण रुळांकडे तोंड केलेल्या भिंतीवर मोठमोठ्या अक्षरांत मालकाचं नाव आणि धंदा कोरलेला आहे: बॅनरमन्स आयलंड आर्सेनल. हा किल्ला म्हणजे एका दुकानाचं गोदाम होतं, आणि ती अक्षरं म्हणजे आगगाडीतल्या उतारूंसाठी लावलेली जाहिरात.

फ्रान्सिस बॅनरमन १८५१ साली स्कॉटलंडमधल्या डंडी इथे जन्मला आणि लहानपणीच आईवडलांबरोबर ब्रुकलिनला आला. वडील नौदलाच्या लिलावातला माल घेऊन विकत. मुलगा बंदरात गळ टाकून बुडालेले दोरखंड, साखळ्या, लोखंडाचे तुकडे वर काढी. १८६५ साली अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं आणि सरकारनं बंदुका, तलवारी, खोगिरं, गणवेश यांचे ढीगच्या ढीग विक्रीला काढले. इतर भंगारवाले हा माल वितळवायला नेत. बॅनरमन कुटुंबानं ओळखलं, की तलवार तलवार म्हणूनच विकली तर तिला लोखंडाच्या कितीतरी पट भाव येतो. त्यातून टपालानं माल मागवण्याचा त्यांचा जाडजूड सचित्र कॅटलॉग निघाला. शस्त्रांचे संग्राहक आजही तो जपून ठेवतात.

१८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धानंतर बॅनरमननं स्पॅनिश सैन्याकडून जप्त झालेल्या सामग्रीपैकी सुमारे ९० टक्के माल एकट्यानं उचलला. आता पंचाईत अशी, की एवढी दारू आणि काडतुसं न्यूयॉर्क शहरात साठवायला कायद्याची परवानगी नव्हती. होडीतून फिरताना त्याच्या मुलाला पॉलेपेल नावाचं हे साडेसहा एकरांचं बेट दिसलं. १९०० च्या अखेरीस बॅनरमननं ते विकत घेतलं आणि पुढच्याच वर्षी बांधकाम सुरू केलं.

नकाशे त्यानं स्वतः काढले. वास्तुविशारद नेमला नाही. ढोबळ आराखडा द्यायचा, बाकीचं गवंड्यांनी आपल्या समजुतीनं उभं करायचं. लहानशा बंदरासाठी जुन्या सपाट नौका पाण्यात बुडवून त्यांवर काँक्रीट ओतलं. भिंतींना बळकटी यावी म्हणून काँक्रीटमध्ये भंगारातलं लोखंड घातलं. त्यात जुन्या संगिनी होत्या आणि लोखंडी खाटांचे सांगाडेही होते. लांबून पाहणाऱ्याला स्कॉटलंडचा पाचशे वर्षांपूर्वीचा गड वाटावा आणि भिंत फोडली तर आतून अमेरिकी लष्कराचं टाकाऊ सामान निघावं, अशी ही इमारत.

आणि याच कारणासाठी अमेरिकेतल्या असल्या घरांकडे बारकाईनं पाहायला हवं. ती पाहून लोक ‘नक्कल’ म्हणतात आणि पुढे जातात. नक्कल आहेच, पण ती वरवरची. आत शिरलं की जो तो बांधणारा, त्याचा धंदा, त्याचं दुःख, त्याच्या काळातलं यंत्र, सगळं उघडं पडतं. ज्या देशात कुणाला गड वारशानं मिळत नव्हता, तिथे प्रत्येकाला तो नव्यानं रचावा लागला आणि रचताना हाताशी जे होतं तेच त्यात गेलं.

वारसा नव्हता, कारण तो मुद्दाम नाकारलेला होता. १७८७ साली लिहिलेल्या राज्यघटनेनं सरकारला सरदारकीचे किताब देण्यास बंदी घातली. पण किताब बंद झाले म्हणून हौस बंद होत नाही. वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्या अमेरिकेत घरोघर वाचल्या जात होत्या आणि शिलेदार, बुरूज, भुयारी वाटा यांनी वाचकांच्या मनात घर केलं होतं. १८३८ साली अलेक्झांडर जॅक्सन डेव्हिस या वास्तुविशारदानं न्यूयॉर्कचे माजी महापौर विल्यम पॉल्डिंग यांच्यासाठी टॅरीटाउन इथे हडसनकाठी टोकदार कमानींचा आणि मनोऱ्यांचा वाडा बांधला. ग्रीक देवळांसारखी खांबांची घरं पाहायची सवय असलेल्या लोकांनी त्याला पॉल्डिंगचा खुळेपणा ठरवलं. आज लिंडहर्स्ट या नावानं ओळखलं जाणारं हे घर पुढे वाढवलं गेलं आणि १८८० साली रेल्वेसम्राट जे गूल्ड यानं विकत घेतलं. पॉल्डिंगच्या वाड्यानंतर दहा वर्षांनी, १८४८ साली, तमाशगीर पी. टी. बार्नम यानं कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टला ‘इराणिस्तान’ उभारलं. त्याचे घुमट इंग्लंडच्या ब्रायटन इथल्या राजवाड्यावरून घेतलेले होते आणि त्या राजवाड्याचं बाह्यरूप हिंदुस्थानातल्या इमारतींवरून. दोन समुद्र ओलांडून आलेले ते घुमट १८५७ च्या आगीत भस्म झाले.

लुइझियाना राज्यानं तर बॅटन रूज इथलं विधानभवनच किल्ल्यासारखं बांधून घेतलं. १८८३ साली मार्क ट्वेननं ‘लाइफ ऑन द मिसिसिपी’ या पुस्तकात त्या इमारतीवर कडाडून टीका केली आणि तिचं पाप थेट स्कॉटच्या माथी मारलं. ट्वेनचा संताप समजण्यासारखा आहे. दक्षिणेतल्या मळेवाल्यांना शिलेदारांच्या शौर्यकथा फार प्रिय होत्या, आणि त्या कथांच्या आडोशाला गुलामांचा बाजार चालत होता.

हे नातं कुठे धडधडीत दिसतं, तर मिसिसिपी राज्यातल्या नॅचेझ गावच्या लाँगवुडमध्ये. हॅलर नट हा कापसाचा बडा मळेवाला. त्यानं १८६० साली फिलाडेल्फियाचे वास्तुविशारद सॅम्युअल स्लोन यांच्याकडून अष्टकोनी वाड्याचा नकाशा करून घेतला: ३२ खोल्या आणि वर कांद्याच्या आकाराचा घुमट. विटा मळ्यावरच्या गुलामांनी पाडल्या, कसबी कामासाठी कारागीर उत्तरेतून आले. १८६१ साली यादवी युद्ध पेटलं तसे हे उत्तरेकडचे कारागीर अवजारं टाकून घरी निघून गेले. उरलेल्या स्थानिक माणसांनी, त्यात गुलाम होतेच, तळघरातल्या नऊ खोल्या राहण्याजोग्या केल्या. नट १८६४ साली वारला. त्याची बायकामुलं त्या नऊ खोल्यांतच राहिली. वरचे मजले आजही तसेच आहेत: उघड्या विटा, नुसत्या तुळया, रिकाम्या चौकटी. कापूस आणि गुलामगिरी यांवर उभा राहिलेला पैसा नेमका कुठल्या मजल्यावर संपला, हे तिथे बोट ठेवून दाखवता येतं.

एक प्रकार मात्र या सगळ्यांहून वेगळा आहे आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. न्यूयॉर्कसारख्या शहरांत भर वस्तीत विटांचे प्रचंड किल्ले दिसतात: बुरूज, अरुंद खिडक्या, जाडजूड दरवाजे. ही नॅशनल गार्डची, म्हणजे राज्यांच्या राखीव सैन्याची, शस्त्रागारं. जुलै १८७७ मध्ये रेल्वे कंपन्यांनी मजुरी कापली, म्हणून वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गपासून संप सुरू झाला आणि बघता बघता तो राज्यांमागून राज्यांत पसरला. पिट्सबर्गमध्ये सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, माणसं मेली, आणि खवळलेल्या लोकांनी त्या सैनिकांनाच इंजिनांच्या शेडमध्ये कोंडलं. धनिकांना धडकी भरली. पुढच्या तीन-चार दशकांत उत्तरेकडच्या शहरांत अशी शस्त्रागारं झपाट्यानं उभी राहिली. यांतले बुरूज शोभेचेही होते आणि कामाचेही: बाहेर कामगार जमले तर आतून मारा करता यावा. अमेरिकेतल्या असल्या गडांपैकी खरोखर कुणाविरुद्ध तरी बांधलेले शोधायचे, तर ते हे. आणि समोरचा शत्रू म्हणजे पगार मागणारी आपलीच माणसं.

पैसेवाल्यांची हौस याच काळात शिगेला पोचली. नॉर्थ कॅरोलायनातल्या बिल्टमोरमध्ये जॉर्ज व्हँडरबिल्टनं १८९५ पर्यंत फ्रेंच धर्तीचं २५० खोल्यांचं घर बांधलं. ते भव्य आहे, त्याबद्दल पुष्कळ लिहिलंही गेलंय. पण सेंट लॉरेन्स नदीतल्या थाउजंड आयलंड्समधली दोन लहान बेटं त्याहून जास्त काही सांगतात.

पहिलं हार्ट आयलंड. जॉर्ज बोल्ट हा प्रशियातल्या र्‍यूगेन बेटावरचा मुलगा, तेरा-चौदा वर्षांचा असताना अमेरिकेत आला आणि हॉटेलच्या स्वयंपाकघरात हरकाम्या म्हणून लागला. तिथून चढत चढत तो न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरियाचा सर्वेसर्वा झाला. १९०० साली त्यानं पत्नी लुईझसाठी या बेटावर सहा मजली, १२० खोल्यांचा गड बांधायला घेतला. बेटाचा काठ घडवून त्याला बदामाचा आकार दिला. जानेवारी १९०४ मध्ये लुईझ वारली. बोल्टची तार आली: काम थांबवा. तीनशे मजुरांनी हातातलं काम सोडलं आणि बोल्टनं पुन्हा कधी बेटावर पाऊल ठेवलं नाही. सत्तरहून जास्त वर्षं ऊन, बर्फ आणि भिंतींवर नावं कोरणारे हौशी लोक यांनी त्या घराची दैना केली. १९७७ साली थाउजंड आयलंड्स ब्रिज अथॉरिटीनं ते ताब्यात घेतलं आणि तिकिटांच्या पैशांतून दुरुस्ती सुरू केली. खालच्या मजल्यांवरची दालनं आता सजलेली आहेत, म्हणजे बोल्टच्या हयातीत जी कधीच पूर्ण झाली नव्हती ती आता झाली.

दुसरं डार्क आयलंड. तिथला गड फ्रेडरिक बोर्न याचा, आणि बोर्न म्हणजे सिंगर शिलाई मशीन कंपनीचा अध्यक्ष. पायानं दाबायच्या पट्टीवर ‘सिंगर’ ही अक्षरं असलेलं काळं मशीन महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आणि शिंप्यांच्या दुकानांत पिढ्यान्‌पिढ्या चाललं. जगभरच्या अशाच मशीनांच्या विक्रीतून हे वैभव आलं. वास्तुविशारद अर्नेस्ट फ्लॅग यानं स्कॉटच्या ‘वुडस्टॉक’ कादंबरीवरून प्रेरणा घेऊन त्यात चोरवाटा आणि झरोके ठेवले. विलक्षण गोष्ट अशी, की याच फ्लॅगनं याच कंपनीसाठी न्यूयॉर्कमध्ये सिंगर बिल्डिंग बांधली. ती १९०८ साली पुरी झाली तेव्हा जगातली सर्वांत उंच कचेरी होती. एकाच माणसाच्या टेबलावर एकाच दशकात चोरवाटांचा गड आणि पोलादी गगनचुंबी इमारत, दोन्हींचे नकाशे होते. त्या पिढीला यात विसंगती वाटत नव्हती.

या सगळ्यांत अस्सल कल्पक माणूस कोण, असं विचारलं तर पेनसिल्व्हेनियातल्या डॉइल्सटाउनच्या हेन्री मर्सरचं नाव घ्यावं लागेल. १८५६ चा जन्म, शिक्षण हार्वर्डचं, पेशानं पुरातत्त्वज्ञ. १८९७ च्या सुमारास त्याच्या ध्यानात आलं, की कारखान्यांच्या रेट्यात हातअवजारं अडगळीत चालली आहेत. रंधे, चरखे, नांगर, कुंभाराची चाकं, लोहाराचे भाते तो भंगारातून गोळा करू लागला. त्याच ओघात जुन्या पद्धतीच्या मातीच्या फरशा भाजायचं कसब तो शिकला आणि त्याच्या फरशा हॅरिसबर्गच्या राज्य विधानभवनात बसल्या. त्याच्या मनात एक भीती खोल रुतलेली होती, आगीची. त्याच्या मावशीचा मध्ययुगीन चिलखतांचा संग्रह १८७२ च्या बॉस्टनच्या भीषण आगीत नष्ट झाला होता.

पुढे त्याच मावशीच्या इस्टेटीतून पैसा आला आणि मर्सरनं १९०८ ते १९१२ या काळात फाँटहिल बांधलं. ४४ खोल्या, १८ शेकोट्या, ३२ जिने, आणि सगळं काँक्रीटचं. त्यानं आधी एकेक खोली मनात रचली, त्यांचे मातीचे नमुने केले आणि त्या जुळवल्यावर बाहेरून जो आकार येईल तो येऊ दिला. मोठा कंत्राटदार नव्हता. रोजावरचे आठ-दहा मजूर आणि कालवलेलं काँक्रीट वर ओढून नेणारी ल्यूसी नावाची घोडी, एवढाच लवाजमा.

छत घालायची त्याची रीत फार देखणी होती. खांबांवर फळ्यांचं व्यासपीठ उभारायचं. त्यावर माती रचून तिला थापून थापून घुमटीचा आकार द्यायचा. मातीवर वाळूचा थर पसरायचा आणि त्यात रंगीत फरशा एकेक करून उताण्या न ठेवता पालथ्या दाबायच्या, चकाकती बाजू खाली. मग वरून काँक्रीट ओतायचं. काँक्रीट घट्ट झालं की खालच्या फळ्या काढायच्या. माती आणि वाळू भसाभस खाली यायची आणि छताला कायमची बसलेली चित्रं वर पाहणाऱ्याला दिसायची. नक्षी कशी उमटली हे तोपर्यंत कुणालाच कळत नसे, मर्सरलाही नाही. काही खोल्यांत त्यानं प्राचीन बॅबिलोनी मातीच्या लेखपट्ट्याही भिंतीत बसवल्या. घर जळत नाही हे गावाला पटावं म्हणून त्यानं छतावर लाकडं रचून मोठा जाळ केला. घराला काही झालं नाही. १९१६ साली त्यानं आपल्या अवजारांसाठी तशाच काँक्रीटचं उंच संग्रहालय खुलं केलं. तिथे देवमाशांच्या शिकारीची होडी आणि घोडागाडी छताला टांगलेल्या आहेत. यंत्रानं हुसकावलेल्या हातकामाला मर्सरनं यंत्रयुगातल्याच मालाचा, सिमेंटचा, गड बांधून दिला.

कनेटिकट नदीकाठी नट विल्यम जिलेट यानं १९१४ ते १९१९ मध्ये बांधलेला गड मर्सरच्या घरासमोर नाटकाच्या पडद्यासारखा वाटतो, आणि तो तसा वाटावा हे साहजिकच आहे. जिलेटनं रंगभूमीवर शेरलॉक होम्स तेराशेच्या आसपास वेळा साकारला. होम्सचा वाकडा पाइप लोकांच्या डोळ्यांपुढे ठसवला तो यानंच. बाहेरून ओबडधोबड रानदगड, आत पोलादी सांगाडा. ४७ दरवाजे आणि प्रत्येकाला वेगळी लाकडी खिटी. रुळांवरून सरकणारं जेवणाचं टेबल. आणि आरसे असे लावलेले, की झोपायच्या खोलीतून दिवाणखान्यात कोण आलंय ते दिसावं. योग्य क्षणी प्रवेश घ्यायची सवय त्यानं घरीही सोडली नाही. आवारात त्यानं छोट्या आगगाडीचे सुमारे पाच किलोमीटर रूळ टाकले आणि पाहुण्यांना स्वतः इंजिन चालवून फिरवलं. मृत्युपत्रात त्यानं बजावून ठेवलं, की हे घर कुणा अडाण्याच्या हाती जाऊ नये. १९४३ साली राज्य सरकारनं ते विकत घेतलं.

या साऱ्यांच्या खिशात पैसा होता. पण ज्यांच्या खिशात काहीच नव्हतं, त्यांनीही गड बांधले, आणि त्यांच्याविषयी आदर वाटतो तो वेगळ्या कारणानं.

लाटव्हियातून आलेल्या एडवर्ड लीडस्कल्निनचं लग्न तिकडे मोडलं होतं. पाच फुटांच्या या किरकोळ माणसानं १९२०च्या दशकात फ्लोरिडात प्रवाळी चुनखडी खणून एकट्यानं गढी रचायला घेतली. १९३६ मध्ये त्यानं ती दहा मैलांवर होमस्टेडला हलवली, एकेक धोंडा करून. एकूण अकराशे टन दगड. तो रात्री काम करी, कुणी पाहायला आलं की थांबे. त्यामुळे त्याला गूढ शक्ती प्राप्त होती अशा वावड्या उठल्या. छायाचित्रांत मात्र लाकडी तिकाटणं आणि साखळीचे कप्पे स्वच्छ दिसतात. त्याचा नऊ टनांचा दरवाजा बोटानं ढकलला तरी फिरे. १९८६ साली तो अडकला आणि क्रेननं उचलला तेव्हा आत लोखंडी दांडा निघाला, आणि तो टेकला होता ट्रकच्या जुन्या बेअरिंगवर. चमत्कार म्हणून सांगण्यापेक्षा हे अधिक मोठं आहे. एका कफल्लक माणसानं वजन, तोल आणि तरफ यांचं गणित आपल्या हातांनी सोडवलं होतं.

ओहायोत हॅरी अँड्रूजनं १९२९ मध्ये लिटल मायामी नदीच्या काठी गड बांधायला घेतला. नदीतले गोटे संपले तसा तो दुधाच्या मेणकागदी खोक्यांत सिमेंट ओतून विटा पाडू लागला. रविवारच्या धर्मवर्गातली मुलं त्याचे शिलेदार. १९८१ साली मरेपर्यंत काम चालूच होतं.

आणि कोलोरॅडोच्या डोंगरात जिम बिशप. पंधराव्या वर्षी त्यानं साडेचारशे डॉलरला तिथे जमीन घेतली. १९६९ मध्ये तो एक खोलीची दगडी झोपडी बांधत होता. येणारेजाणारे म्हणू लागले, हा तर किल्लाच दिसतोय. बिशपनं ते मनावर घेतलं. रानातला दगड, स्वतः घडवलेलं लोखंड, आणि दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या पोलादी पत्र्यांचा अग्नी ओकणारा ड्रॅगन. त्याच्या घशात उष्ण हवेच्या फुग्याचा बर्नर बसवलेला आहे. चाळीस-पन्नास वर्षं तो दगडावर दगड रचत राहिला. बुरूज दीडशे फुटांपलीकडे गेले. आराखडा कागदावर कधी उतरला नाही आणि पाहायला येणाऱ्याकडून त्यानं प्रवेशमूल्य घेतलं नाही. २०२४ मध्ये बिशप वारला.

बॅनरमनच्या बेटाचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. १९१८ साली तो गेला. शस्त्रं विकून श्रीमंत झालेला हा धार्मिक माणूस आशा धरून होता, की कधीतरी शस्त्रांचा उपयोगच संपेल आणि त्याचं दुकान संग्रहालय होऊन जाईल. ऑगस्ट १९२० मध्ये कोठारातली सुमारे २०० टन दारू आणि गोळे उडाले आणि किल्ल्याचा एक भाग उद्ध्वस्त झाला. १९६७ साली न्यूयॉर्क राज्यानं बेट विकत घेतलं. १९६९ च्या आगीत छपरं आणि मजले जळाले. डिसेंबर २००९ मध्ये दोन भिंतींचे मोठे भाग कोसळले. उरलेल्या भिंतींना टेकू देऊन उभं ठेवण्याचं काम स्थानिक लोकांनी स्थापलेला न्यास करतो आहे, आणि उन्हाळ्यात बीकनच्या धक्क्यावरून बोटीनं तिथे जाता येतं.